गुडघा आणि डाळिंबाची बाग

३ फेब्रुवारी, सोमवार

बहात्तर! बहात्तर अंशांवर गुडघा अडला तो अडलाच. मी दातओठ खाल्ले, पलंगाची कड धरली, दादाला दोन शिव्याही हासडल्या – गुडघा ढिम्म. ऑपरेशनला चौदा दिवस झाले. दादा म्हणाला, चौदा दिवसांत बहात्तर म्हणजे वाईट नाही. म्हणजे चांगलंही नाही.

दादाची कोन मोजायची पट्टी वेगळी आहे. तिच्यावरचे आकडे उठावाचे, बोटांनी वाचायचे. विसाव्या वर्षापासून त्याला दिसत नाही. आता छप्पन्न वर्षांचा आहे आणि शहरातले अर्धेअधिक मोडके गुडघे, खांदे, कमरा त्याच्या हाताखालून गेल्यात. सख्ख्या बहिणीचा गुडघा पहिल्यांदाच. दवाखाना उघडायच्या आधी, आठच्या ठोक्याला येतो, पांढरी काठी दाराशी उभी करतो, हात धुतो आणि माझा छळ सुरू करतो.

आज विचारलं, व्यायाम किती वेळा केलास? म्हटलं, तीनदा. त्यानं मांडी चाचपली. "एकदाच. तोही अर्धा."

ह्या माणसापुढे खोटं बोलायची सोय नाही. निदान मांडीच्या बाबतीत तरी नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

तीनदा केले. खरंच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

छापखान्यातून प्रुफांचा गठ्ठा घरी आला. म्हणजे मला विसरलेले नाहीत. धुलाई यंत्राची माहितीपुस्तिका, शहाण्णव पानं. पाय उशीवर, पुस्तिका पोटावर, लाल पेन कानावर. दुसऱ्यांच्या चुका काढून मी सत्तावीस वर्षं पोट भरते आहे. एका पानावर यंत्राला चार पाय आहेत, पुढच्या पानावर तीन. मला आज त्या यंत्राबद्दल फार आपुलकी वाटली.

दुपारी भिंत धरून जिन्याच्या दारापर्यंत गेले. खाली जोडगाडी उभी आहे – दोन सीटांची, चार पेडलांची, पुढचं चाक अजून वाकडंच. चौदा वर्षांपूर्वी एका नवरा-बायकोकडून जुनी घेतली होती. त्यांचं आपसात बोलणं बंद झालं होतं, म्हणून स्वस्तात दिली. पुढे मी, मागे दादा. दर रविवारी सकाळी सहाला, आमच्या सायकलवाल्या कंपूबरोबर – सगळे पोटं सुटलेले, शर्यतीशी कुणाचा संबंध नाही, परतीच्या चहासाठी येणारे. जुना बंधाऱ्याचा रस्ता, अठरा किलोमीटर जाऊन-येऊन.

आता चार महिने तरी सायकल नाही, असं ऑपरेशनवाले डॉक्टर म्हणाले. चार महिने म्हणजे सतरा रविवार. दादाला सतरा रविवार घरात बसवायचं? दवाखान्यात दिवसभर खाली मान घालून काम करतो तो. आठवड्यातून एकदा अंगाला वारं लागतं, ते माझ्यामुळे. आणि आता लागत नाही, तेही माझ्यामुळेच.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज लिहूनच टाकते. इथे कोण वाचणार आहे!

कुत्रं नव्हतं.

सगळ्यांना सांगितलंय की कुत्रं आडवं आलं. कंपूला, डॉक्टरांना, छापखान्यात. दादानं सायकल पडल्या पडल्या एवढंच विचारलं होतं, भुंकलं कसं नाही? म्हटलं, मुकं असेल. त्याच्या कोपराला खरचटलं, बाकी काही नाही. दोघांचा आणि गाडीचा भार माझ्या एका पायावर आला, पाय रोवलेला होता, अंग फिरलं – आत काहीतरी तुटल्याचा आवाज मी कानांनी ऐकला.

मी आदळले ती पिवळ्या खांबावर. गाड्यांनी सायकलच्या पट्ट्यात घुसू नये म्हणून पेट्रोल पंपासमोर खांब बसवलेत. दोन आठवडे आधीच बसवलेले, मी दोनदा पाहिलेले. पण त्या क्षणी मी खांब बघतच नव्हते. मी दादाला डाळिंबाच्या बागेचा बहर सांगत होते.

आणि तिथे बाग नाही. अकरा वर्षांपासून नाही. बाग होती तिथेच तो पंप आहे.

हे कुणाला सांगायचं? सांगितलं तर आधी डोक्याचा डॉक्टर गाठायला सांगतील, गुडघ्याचा मग.

झालं ते असं. आई गेली त्याच महिन्यात बाग तोडली. दिवसकार्य आटोपल्यावर पहिल्या रविवारी आम्ही निघालो. सायकलवर पुढच्यानं मागच्याला रस्ता सांगायचा, ही आमची रीत – खड्डा, चढ, डावीकडे वळण, आणि मग जे जे दिसेल ते. त्या दिवशी दादा घरापासून एक अक्षर बोलला नव्हता. बागेच्या वळणावर आलो. समोर नुसते बुंधे, लाल माती, एक बुलडोझर. मागून पहिलं वाक्य आलं, "बहर आला का गं?" मी कसं सांगणार होते? म्हटलं, आलाय. लालेलाल झालंय. आणि तो हसला. महिनाभरात पहिल्यांदा.

पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. पुढचा रविवार आलाच नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सहाला खिडकीखाली कंपूच्या घंट्या वाजल्या. मुद्दाम वाजवतात मेले, मला बरं वाटावं म्हणून. मला रडू आलं.

सातला दादा आला, रविवार असून. म्हणे घरी बसून काय करू, तुझा पाय तरी वाकवतो. ऐंशी! मग चहा घेऊन खिडकीशी बसलो दोघं. मी नववीत असताना हाच माणूस पुढे असायचा आणि मी मागे कॅरिअरवर. त्याच्या रुंद पाठीपलीकडे मला काही दिसायचं नाही. मी त्याच्या शर्टाची शेपटी धरून ओरडायचे, काय दिसतंय, सांग ना! आणि हा सांगायचा – समोरून हत्ती येतोय, हत्तीवर आपले गणिताचे सर बसलेत. मी मान वाकडी करून बघायला जायचे आणि तोल जाऊन दोघंही मातीत. एकदा तर बंधाऱ्याच्या पाण्यात पडलो. वह्या भिजल्या. कपडे वाळेपर्यंत बागेच्या कुंपणाशी बसलो, आणि मिशाळनं – बागेचा राखणदार, त्याच्या मिशा ही काय चीज होती! – दोन डाळिंबं फोडून दिली. दादानं एक दाणा उन्हात धरून मला दाखवला. म्हणाला, बघ, आत दिवा लावलाय.

तेव्हाच त्याला संध्याकाळी कमी दिसायला लागलं होतं. आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं. नंतर आठवून आठवून हिशेब लागला – अंधार पडायच्या आत घरी पोचायची त्याची घाई, जिन्यात ठेचकाळणं, आईचं ओरडणं. चार वर्षांत सगळं गेलं.

आज त्याला म्हणावंसं वाटलं, आठवतो का तुला तो दाणा? विचारलं नाही. त्याला कसं विसरता येईल? त्याच्याकडे पाहिलेलं सगळं वीस वर्षांपर्यंतचंच. तेवढीच त्याची पुंजी. म्हणून तर मी ती मोडू दिली नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

वाईट बातमी. म्हणजे सगळ्यांच्या मते चांगली.

कंपूनं ठरवलंय, दादाला एकटं ठेवायचं नाही. जोडगाडीचं चाक दुरुस्त करून आणणार, आणि पुढे जिराफ बसणार. जिराफ म्हणजे आमच्यातली सगळ्यात लहान, सत्तावीस-अठ्ठावीसची, सहा फूट उंच, दातांच्या दवाखान्यात कामाला. चांगली पोर आहे. पाय तर असे की दोन पेडलांत चढ संपतो. तेवीस तारखेपासून सुरू.

दादा लहान मुलासारखा खुश. मला म्हणाला, "तुला वाईट नाही ना वाटणार?"

म्हटलं, वेडा आहेस का!

जिराफला खोटं बोलता येत नाही. मागे एकदा कुणीतरी तिला विचारलं, मी बारीक झालोय का? ती म्हणाली, नाही, शर्ट मोठा घेतलाय तुम्ही.

तेवीसच्या आत मला उभं राहायलाच हवं. डॉक्टर काय, चार महिने म्हणणारच!

१५ फेब्रुवारी, शनिवार

शहाऐंशी. सकाळी दादासमोर तीन फेऱ्या, दुपारी माझ्या माझ्या सहा. पाय उचलून दहा मोजायला सांगितलंय, मी तीस मोजते. दुखतं. दुखू दे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

जिना उतरले! सतरा पायऱ्या. उतरले आणि चढलेही. मग परत एकदा. कुबडी एकच. शेजारच्या बाई दारात येऊन बघत राहिल्या. मी म्हटलं, सांगितलाय व्यायाम.

जोडगाडीला हात लावून आले. चाक सरळ झालंय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गुडघ्याचा पपनस झालाय.

दादानं दारातूनच विचारलं, तू लंगडतेस कशी वेगळीच? काठी ठेवली, हात न धुताच बसला, वाटीच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबली. आत पाणी हललं ते मलाही कळलं. किती पायऱ्या, म्हणाला. मी म्हटलं, कसल्या पायऱ्या? तो बर्फ आणायला स्वयंपाकघरात गेला. माझ्या घरातल्या सगळ्या वस्तू त्याला माझ्यापेक्षा बऱ्या सापडतात.

अठ्ठावन्न अंश. चार आठवडे पाण्यात. एका अर्थी खरोखरच.

चिडला असता तर बरं झालं असतं. बर्फाची पिशवी गुडघ्यावर धरून बसून राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "घाई कसली आहे तुला? मी कुठे पळून चाललोय?"

मला घाई का आहे, ते मी ह्या जगात फक्त ह्याच माणसाला सांगू शकत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

वहिनी डबा घेऊन आली. माझा पाय बघून म्हणाली, "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ऐकलं होतं, वन्सं, नणंदही बांधते हे आज कळलं." मला 'वन्सं' म्हणते ती फक्त टोमणा मारायचा असला की.

तिला सगळं माहीत आहे. नऊ वर्षांपूर्वीच कळलं. त्या रस्त्यानं ती बसनं जाते. तेव्हा म्हणाली होती, तुम्हा भावाबहिणीचं तुम्ही बघा, मी मध्ये पडणार नाही. आज मात्र पडली. म्हणाली, जिराफ सांगण्याआधी तू सांग. परक्या पोरीच्या तोंडून कळलं तर त्यांना फार लागेल.

मी म्हटलं, तू सांग ना. तू बायको आहेस.

"बाग मी नाही लावलेली," वहिनी म्हणाली, आणि रिकामा डबा मागून निघून गेली.

बरोबर आहे. लावली मीच. आणि काय निगा राखली अकरा वर्षं! सोपं होतं का? वर्षातून दोनदा बहर, मग फळ, मग तोडणी, मग पानगळ – वहीत लिहून ठेवायचे, घोटाळा होऊ नये म्हणून. बरं तर बरं, डाळिंबाच्या फुलाला वास नसतो. मोगऱ्याची बाग असती तर पहिल्याच रविवारी पकडले गेले असते. पेट्रोलचा वास आला की म्हणायचं, टँकर गेला पुढे. बंधारा तर बुजवून वर रस्ताच केला, पाण्याचा आवाज कुठून आणू? मग, यंदा पाणी सोडलं नाही. यंदा पाणी सोडलं नाही, हे मी सात वर्षं सांगते आहे. जगातला सगळ्यात कोरडा बंधारा!

आणि मिशाळ. तो कधीच गेला बिचारा, बागेच्याही आधी. पण दादा त्याला दर वेळी हात करायचा, उजवीकडे, हवेतच. मी म्हणायचे, त्यानंही केला. त्याला मी मारू शकले नाही. हळूहळू म्हातारा केला. मिशा पांढऱ्या केल्या, खुर्ची दिली, मग काठी दिली. आता शंभरी गाठली असेल त्यानं. दादा मागच्याच वर्षी म्हणाला, चिवट आहे हं मिशाळ.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मी फार वाईट काम केलं.

रस्त्याचा मजकूर लिहून काढला. दोन पानं, स्वच्छ अक्षरात, परिच्छेद पाडून. वळण पहिलं – उजवीकडे कुंपण, सध्या फळ धरलेलं. मिशाळ खुर्चीत, हात करेल. बंधारा – पाणी नाही. आणि जिराफला फोन केला. सगळं सांगितलं. म्हटलं, तू हे एवढंच वाचायचं. चार महिने फक्त. मग मी आहेच.

ती म्हणाली, "मावशी, मी स्वतःहून काही बोलणार नाही. पण काकांनी विचारलं तर मला खोटं नाही सांगता येणार. सॉरी."

मला राग यायला हवा होता. लाज वाटली. ती दोन पानं फाडून टाकली. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांचा मजकूर तपासला, आणि स्वतःचा पहिला मजकूर लिहिला तो हा.

२३ फेब्रुवारी, रविवार

गेले. सहा वाजता जोडगाडी जिन्याखालून निघाली, मी खिडकीतून पाहिली. माझ्या सीटवर जिराफ, सीटची उंची वाढवून घेतलेली. मागे दादा, निळ्या टोपीत. वळणावर दोघं एकाच वेळी झुकले. छान झुकले. मी कधी ती गाडी अशी लांबून पाहिलीच नव्हती.

दोन तास घड्याळाकडे बघत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. जिन्यात नुसतं पाऊल वाजलं तरी गुडघा आधी दचकायचा.

साडेआठला आला तो घामाघूम, गाल लाल. "पोरगी बोलतच नाही गं! खड्डा, वळण, ब्रेक. बस्स! आणि चढ काय मारते!" एवढंच. बागेचं काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही. सुटले!

मग तो माझा पाय वाकवत असताना एकदम वाईट वाटलं. माझ्याशिवाय इतका छान होता तो? गप्प रस्त्यावर?

२६ फेब्रुवारी, बुधवार

शहाण्णव. पाणी ओसरलं. सांगून टाकायचं ठरवलं. दादा आला, नव्वद अंश ओलांडल्याच्या आनंदात चहा मागितला, आणि मी तो जाईपर्यंत चहाच ढवळत बसले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

नाही जमलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आजही नाही. उद्या नक्की.

२ मार्च, रविवार

साडेआठ झाले, नऊ झाले. दादा वर आला नाही. जोडगाडी खाली लागल्याचा आवाज आला, जिराफच्या बुटांचा आला, काठीचा आवाज मात्र दुसऱ्या दिशेला गेला. दहाला वहिनीचा फोन – ते झोपलेत, आज येत नाहीत. "त्यांनी तिला विचारलं," एवढंच म्हणाली.

३ मार्च, सोमवार

आठच्या ठोक्याला आला. हात धुतले. बसला. पट्टी काढलीच नाही.

"तिथे पंप आहे म्हणे."

"हो."

"कधीपासून?"

मी सांगितलं. सगळं, ओळीनं, काही न राखता. बुंधे, बुलडोझर, पहिला रविवार. बंधारा. टँकर. मिशाळचा मृत्यू सांगताना मलाच रडू फुटलं, जणू काल गेला. शेवटी पिवळा खांबही सांगितला, कुत्रं नव्हतं म्हणून सांगितलं. त्याचे हात माझ्या गुडघ्यावर होते आणि ते हलत नव्हते. दादाचे हात कधीही थांबत नाहीत, बोलतानाही काही ना काही चाचपत असतात. आज थांबले.

मग उठला. म्हणाला, उद्यापासून व्यायाम तुझे तू कर, तुला येतात आता. काठी घेतली. जिन्यात त्याची पावलं मी मोजली. सतरा.

त्याच्याकडे होतं नव्हतं ते सगळं मी एका सकाळी जमीनदोस्त केलं. बुलडोझरला निदान दोन दिवस लागले होते.

४ मार्च, मंगळवार

आला नाही.

५ मार्च, बुधवार

नाही. वहिनी म्हणते, जेवतात, कामाला जातात, बोलत नाहीत. मी विचारलं, माझ्यावर फार चिडलाय का? ती म्हणाली, चिडलेले मला ओळखता येतात, हे तसं नाही. म्हणजे त्याहून वाईट.

व्यायाम करते आहे. सांगितले तेवढेच.

६ मार्च, गुरुवार

आज एक वेगळंच लक्षात आलं. ठरवलं, दादा येवो न येवो, आता जे आहे ते त्याला खरं सांगायचं. कागद घेतला. पंप. आणि? पंपाच्या शेजारी काय आहे? समोर काय आहे? जिथे बंधारा होता तिथे आता काय?

आठवेना! अकरा वर्षं दर रविवारी गेले त्या रस्त्यानं, साडेपाचशे वेळा तरी. मला पंपाचा रंगसुद्धा सांगता येईना. मी तो रस्ता पाहिलेलाच नाही. कुंपणाच्या तारा कुठे गंजल्या होत्या ते सांगते – आणि समोरचं माहीत नाही.

८ मार्च, शनिवार

टॅक्सी केली. कुबडी, पाण्याची बाटली, लाल पेन, वही. पंपावरच्या माणसानं प्लास्टिकची खुर्ची आणून दिली – मला वाटलं हाकलेल. दोन तास बसले. तिथल्या तिथे लिहिलं, प्रुफं तपासावीत तसं, एक ओळ न सोडता.

पंप हिरवा. शेजारी फरशांचं दुकान, बाहेर नमुन्याच्या फरशा उन्हात मांडलेल्या, त्यांच्यावर मांजर. पुढे लहान मुलांची शाळा, निळं फाटक, फाटकाला मुलांच्या उंचीवर एक गोल भोक आणि त्यातून दिसणारा एक डोळा. बंधाऱ्याच्या जागी बसचा थांबा, बाकावर दोन म्हातारे, एक ऐकत नाही आणि दुसरा बोलायचं थांबत नाही. सायकलच्या पट्ट्याकडेला नवी रोपं, लोखंडी पिंजऱ्यात. कसली आहेत विचारलं, कुणालाच माहीत नाही. आणि सात पिवळे खांब. माझ्या खांबाला पोचा आलाय. मी त्याला हात लावून आले.

सगळं इतकं साधं होतं. ह्यात न सांगण्यासारखं काय होतं? पण उठताना पंपामागे लाल मातीचा एक तुकडा दिसला, हवा भरतात त्याच्यामागे, आणि मला तिथेच बसकण मारावीशी वाटली. मला बाग हवी होती. मला चौदा वर्षांची व्हायचं होतं, भिजलेल्या वह्या उन्हात मांडून. दादाला पुढे बसलेला बघायचं होतं.

चार पानं झाली. फोन केला, वहिनीनं उचलला. म्हटलं, त्याला सांग, यादी तयार आहे.

११ मार्च, मंगळवार

दादा आला. मी घाईघाईनं वाचायला घेतलं. पंप हिरवा, मांजर, निळं फाटक – तो म्हणाला, थांब जरा, आणि स्वतःच सांगायला लागला.

पंपाचा वास त्याला पहिल्या आठवड्यापासून येतो. बाग नाही, बंधारा नाही, त्याला कधीच कळलं होतं; जिराफला विचारलं ते विषय एकदाचा निघावा म्हणून. इतके दिवस तो रुसला नव्हता, एक गोष्ट कशी सांगायची ते जुळवत होता. त्याला आतही काही दिसत नाही. बाग नाही, मिशाळ नाही, आई नाही. डोळे गेल्यावर चित्रं राहिली होती थोडी वर्षं, मग एकेक करून पुसट होत गेली. शेवटचं कुठलं आणि कधी गेलं, तेही त्याला सांगता येत नाही. मी साडेपाचशे रविवार सांगत होते, आणि तो मागे बसून नुसती मान डोलवत होता.

"मग विचारायचास कशाला दर वेळी, बहर आला का म्हणून?"

"तुला सांगायला आवडायचं."

माझा चेहरा तरी आत आहे का, ते मी विचारलं नाही.